ट्रॅक्टरचा नवा क्लच : दोष कसा शोधावा?

ट्रॅक्टरची क्लचप्लेट बदलण्यासाठी इंजिन व गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. ऐन हंगामात या कामामुळे पैसा आणि वेळ दोन्ही खर्ची पडतात. एवढे करूनही गिअर खरखरत असेल, तर प्लेट सदोष असल्याचा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रत्यक्षात अनेकदा दोष पेडलच्या जुळणीत असतो. त्यामुळे ट्रॅक्टर पुन्हा उघडण्यापूर्वी बाहेरून तपासणी करावी.

पेडलची मोकळी हालचाल
पेडल हाताने दाबल्यावर सुरवातीला ते जेवढे अलगद खाली जाते, तेवढी त्याची मोकळी हालचाल होय. दांडीने चालणाऱ्या बहुतेक क्लचमध्ये ती साधारणपणे २० ते ४० मिलिमीटर असते. नेमके माप त्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. नवी प्लेट झिजलेल्या प्लेटपेक्षा जाड असते. त्यामुळे जुनी जुळणी तशीच ठेवल्यास मोकळी हालचाल वाढते आणि क्लच पूर्ण सुटत नाही. याउलट, ती अजिबात न ठेवल्यास रिलीज बेअरिंग सतत टेकून राहते, प्लेट घसरते आणि दोन्ही भाग लवकर खराब होतात.

लक्षणे व कारणे
- गिअर खरखरणे : जुळणी योग्य असूनही क्लच सुटत नसल्यास प्लेट उलटी बसली असण्याची शक्यता असते. जोडणी करताना गिअरबॉक्सचे वजन प्लेटवर आल्यास ती वाकते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये नळीत हवा शिरली आहे का, हे आधी पाहावे.
- ओझ्याखाली घसरणे : इंजिनाचा वेग वाढतो, पण ट्रॅक्टर पुढे ओढत नाही. मोकळी हालचाल योग्य असल्यास प्लेटवर तेल आले असावे. इंजिन किंवा गिअरबॉक्सचे गळके ऑइल सील बदलल्याशिवाय दुसरी प्लेट बसवू नये.
- सुटताना धक्के बसणे : तेलकट प्लेट, फ्लायव्हीलचा खडबडीत पृष्ठभाग किंवा प्रेशर प्लेटच्या फिंगरची असमान उंची ही त्याची कारणे होत.
- आवाज येणे : केवळ पेडल दाबल्यावर आवाज येत असल्यास रिलीज बेअरिंग किंवा फ्लायव्हीलमधील बेअरिंग तपासावे.

पीटीओची दक्षता
दुहेरी क्लच असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पेडल अर्धे दाबल्यावर चाकांची गती तुटते आणि पूर्ण दाबल्यावर पीटीओची. दोन्ही टप्प्यांची जुळणी तपासावी. जुळणी चुकल्यास पेडल दाबूनही रोटाव्हेटर फिरत राहू शकतो. त्यात अडकलेले गवत किंवा दोरी काढण्यापूर्वी इंजिन बंद करून सर्व भाग पूर्ण थांबल्याची खात्री करावी. केवळ क्लचवर विसंबणे जिवावर बेतू शकते.

सुरवातीची काळजी
नव्या क्लचवर सुरवातीचे काही तास खोल नांगरणी वा भरलेली ट्रॉली ओढणे टाळावे. प्लेट झिजते तशी मोकळी हालचाल कमी होत जाते. त्यामुळे या काळानंतर ती पुन्हा मोजावी. पेडलवर पाय ठेवून ट्रॅक्टर चालवू नये. जुन्या प्लेटच्या धुळीत ॲसबेस्टॉस असू शकते. ती हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.