पाच पैशांचं जादा तिकीट

घरात जुन्या पत्रांचा गठ्ठा जपून ठेवलेला असेल आणि त्यात १९७२ सालचं एखादं पाकीट असेल, तर ते जरा उलटसुलट करून पाहा. तेव्हा साध्या पाकिटाला वीस पैसे पडत. त्या वीस पैशांशेजारी पाच पैशांचं आणखी एक तांबडं तिकीट चिकटवलेलं दिसेल. ते टपालखर्चाचं नव्हे, निर्वासितांसाठीच्या कराचं तिकीट.

१५ नोव्हेंबर १९७१पासून ते सक्तीचं झालं. आंतरदेशीय पत्राला पंधरा पैसे लागायचे, म्हणजे कर थेट एक तृतीयांश! पोस्टकार्ड आणि वर्तमानपत्रं मात्र वगळली होती. गावाकडे ‘इकडील सर्व क्षेम’ कळवणारा माणूस कार्डावरच लिहायचा, त्यामुळे गरिबाच्या खिशाला हात लागला नाही. हा शहाणपणा कुणाला सुचला कोण जाणे, पण सुचला हे चांगलं.

घाई इतकी होती, की नवं तिकीट छापून व्हायलाही सवड नव्हती. हाताशी पाच पैशांचं कुटुंब नियोजनाचं तिकीट होतं, त्यावरच ‘शरणार्थी सहायता’ अशी अक्षरं उमटवली गेली. छोट्या कुटुंबाचा प्रचार करणारं तिकीट कोटभर पाहुण्यांच्या कामी आलं! तेही सगळीकडे वेळेत पोचेना, तेव्हा स्थानिक पोस्टमास्तरांना स्वतःच शिक्के मारायची मुभा मिळाली. कुणी रबरी शिक्का करवून घेतला, कुणी धातूचा. कुठे अक्षरं तिरकी, कुठे शाई पसरलेली. संग्राहक आज त्या तऱ्हांचाच शोध घेत असतात. निर्वासितांचं चित्र असलेलं खास तिकीट १ डिसेंबरला आलं आणि दोनच दिवसांत भारत-पाकिस्तान युद्ध सुरू झालं.

या साऱ्याच्या मुळाशी होती २५ मार्च १९७१ची रात्र. त्या रात्री पाकिस्तानी लष्कराने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, ढाक्याला कत्तल सुरू केली आणि माणसं भारताच्या सीमेकडे धावली. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारी नोंदीत निर्वासितांचा आकडा होता ९८,९९,३०५. पैकी पाऊण कोटी एकट्या पश्चिम बंगालात. कलकत्त्याच्या सॉल्ट लेक भागात लोक गटाराच्या सिमेंटच्या पाइपांत संसार थाटून राहिले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. तो उपाय पुढे जगभर गेला.

त्रिपुराचा हिशेब तर चक्रावणारा. १९७१च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या होती साडेपंधरा लाख. आले चौदा लाख! जवळजवळ माणशी एक पाहुणा. तरीही दारं बंद झाली नाहीत. आपल्या सार्वजनिक आयुष्यातला हा मोठा पराक्रम, आणि शालेय इतिहासात त्याच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते.

या औदार्याला एक अट होती, आणि ती पहिल्या दिवसापासून उघड होती. पूर्व पाकिस्तानातल्या १९६४च्या दंगलींनंतर आलेल्यांना सरकारने जमिनी देऊन वसवलं होतं. तेव्हाच्या चंद्रपूर, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा भागातली बंगाली गावं ही त्याच धोरणाची खूण. १९७१मध्ये मात्र पुनर्वसन हा विषयच नव्हता. छावणी, शिधा, लस मिळेल, पण परत जायचं. आलेल्यांत बहुसंख्य हिंदू आहेत, ही गोष्टही सरकारने मोठ्याने सांगितली नाही. ती पसरली असती तर इथे दंगली उसळायची भीती होती. हे झाकणं मला त्या वेळेपुरतं योग्यच वाटतं.

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि फेब्रुवारी १९७२ अखेर नव्वद लाखांहून अधिक लोक परतले. इतक्या झटपट परतीला फारशी तोड नाही. पाच पैसे मात्र त्यानंतरही वर्षभर वसूल होत राहिले. ते थांबले ३१ मार्च १९७३ला. लावलेला कर सरकार सहजासहजी सोडत नाही, एवढंच.

तिकीट गेलं, तारीख राहिली. १९७९मध्ये आसामात मंगलदोईच्या मतदारयाद्यांत परकीयांची नावं असल्याच्या आरोपावरून आंदोलन पेटलं. त्याच आंदोलनाच्या काळात, १९८३मध्ये, नेल्लीचं हत्याकांड झालं. १९८५च्या आसाम करारात रेषा आखली गेली, ती २५ मार्च १९७१ याच दिवसावर. ज्या रात्रीमुळे आपण दारं उघडली, त्या रात्रीनंतर आलेला तो परका! कालचा शरणार्थी आता घुसखोर झाला. त्याची झळ मुंबईलाही लागली. जुलै १९९८मध्ये मुंबई पोलीस ‘बांगलादेशी’ ठरवलेल्या लोकांना कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने घेऊन जात असताना पश्चिम बंगालात उलुबेरियाला जमावाने गाडी अडवली. हे आपलेच नागरिक आहेत, असं तिथल्या लोकांचं म्हणणं होतं.

भारत आणि बांगलादेश या दोन देशांत मैत्रीचे करार झाले आणि कुंपणही उभं राहिलं. आसाम करारानुसार नागरिकत्व कायद्यात घातलेलं कलम ६ अ सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने वैध ठरवलं. २५ मार्च १९७१ ही तारीख त्यामुळे आजही कायद्यात कायम आहे.