बागेसरीजवळचें शहाणपण



मीरा-भाईंदरच्या एखाद्या सदनिकेंत कोणी हौशी गृहस्थ किंवा गृहिणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर चांदीची तार सांधीत बसली आहे, असें चित्र क्षणभर डोळ्यांपुढें आणा. हत्यारें विकत मिळतात, चांदी मिळते, कृति पुस्तकांत सांपडते. मिळत नाहीं तें एकच : शेजारीं बसलेला जाणता सोनार. आपल्याकडे हा धंदा लेखी नियमांपेक्षां त्या शेजाराच्या आधारानें चालत आला. म्हणून एकलव्याच्या वाटेनें जाणाऱ्यानें त्याचा इतिहास आधीं पाहावा, असें मला वाटतें.

पूर्वीं सोनार बसे तो रस्त्याकडेच्या पडवींत. बागेसरीचा धूर वाऱ्याबरोबर निघून जाई. मुलगा बापाजवळ बसून प्रथम नुसतें पाहात असे, मग फुंकणी हातीं धरी. तापलेली चांदी भर उजेडांत थंड चांदीसारखीच पांढरी दिसते. शिवाय उष्णता वाहून नेण्यांत ती सर्व धातूंमध्यें अग्रेसर. एक टोक ज्वालेंत असतांना दुसरें टोक बोटांस चटका देतें. हें मुलाला कोणी वाचून दाखवीत नसे. बापाचा हात वेळींच मधें येई. १८९१ सालीं मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेंत लॉर्ड रे यांच्या नांवानें कार्यशाळा निघाल्या आणि कारागिरीचें शिक्षण शाळेच्या छपराखालीं आलें. तरी शिकविणारा समोर असे.

परंतु परंपरेला सर्वच धोके ठाऊक होते, असें समजणें भाबडेपणाचें होईल. जो अपाय डोळ्यांस दिसतो तो गुरु सांगतो. जो उशिरां अंगांत उमटतो तो त्यालाही कळत नाहीं. पाऱ्यांत सोनें विरवून चांदीवर माखावयाचें आणि आंचेवर पारा उडवावयाचा, ही मुलाम्याची जुनी रीत देशोदेशीं चाले. इटालियन वैद्य रामाझिनी यानें १७०० सालीं कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यांत पाऱ्यानें होणारी मुलामेकऱ्यांची दुर्दशा नोंदली आहे. रोग्यास त्याचा धंदा विचारावा, असें त्यानें वैद्यांस बजावलें.

आपल्या परिचयाचें उदाहरण म्हणजे ‘केडीएम’. दोन तुकडे सांधणाऱ्या डाखांत कॅडमियम घातलें, म्हणजे तो कमी आंचेवर वितळतो; सोन्याच्या दागिन्याचा कसही फारसा उतरत नाहीं. चांदीच्या डाखांतही तें याच सोयीसाठीं शिरलें. पण चांदी सुमारें ९६२ अंशांस वितळते, तर कॅडमियम ७६७ अंशांसच उकळतें. त्याची वाफ छातींत गेली तरी त्या क्षणीं विशेष कांहीं जाणवत नाहीं. कांहीं तासांनीं ताप, खोकला आणि धाप सुरू होते, आणि प्रसंगीं प्राणावर बेततें. गिऱ्हाइकाच्या कसाची किंमत कारागिराच्या फुप्फुसांनीं भरली! युरोपीय संघानें २०११ सालीं असल्या डाखांवर निर्बंध घातले. भारतीय मानक ब्यूरोनेंही केडीएम नाकारलें.

आतां पुन्हां त्या सदनिकेकडे वळूं. मीरा-भाईंदर हीं खाडी आणि मिठागरांच्या कांठचीं गांवें. तेथें १९८५ सालीं नगरपरिषद आली, २००२ सालीं महानगरपालिका झाली. पडवी गेली, बंद खोली आली. आणि धूर मात्र तोच राहिला. म्हणून पडवीचें काम खिडक्यांनीं आणि पंख्यानें केलें पाहिजे, आणि धूर तोंडाकडे न येतां बाहेर गेला पाहिजे. डाख कॅडमियमरहित आहे, याची दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी. तेजाब पाण्यांत सावकाश घालावें; पाणी तेजाबांत कधींही ओतूं नये. साचा ओलसर असेल तर आंतील पाण्याची एकदम वाफ होऊन वितळलेली चांदी अंगावर उसळते. म्हणून तो कोरडा व गरम करून घ्यावा. डोळ्यांवर चष्मा, अंगावर सुती कपडे असावेत. पदर आणि केस बांधलेले असावेत. जेथें पोळी लाटतों, तेथें हें काम करूं नये. चटका बसलाच तर भाजलेला भाग वीस मिनिटें वाहत्या पाण्याखालीं धरावा.

हे नियम म्हणजे बापाच्या त्या मधें येणाऱ्या हाताचेंच लेखी रूप होय. एकलव्यानें गुरुवांचून विद्या मिळविली, पण शेवटीं आंगठा गमावला. आपण विद्या जरूर मिळवावी. आंगठा मात्र राखावा.