सतरा सामन्यांचा हंगाम : अमेरिकन फुटबॉलचा आठवडा आणि चाहत्यांची चर्चा

गोव्यात फुटबॉल म्हटले की पायांनी खेळला जाणारा, फातोर्ड्यापासून गावोगावच्या मैदानांपर्यंत रुजलेला खेळ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत मात्र हे नाव एका निराळ्याच खेळाला आहे. तेथील फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो व तो बहुतांशी हातांनी खेळला जातो. या खेळाची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, अर्थात एनएफएल. तिचे कालमापन तारखांनी नव्हे, आठवड्यांनी होते. ‘चौथा आठवडा’, ‘सतरावा आठवडा’ असे म्हटले की कोणता सामना, कोणती चूक, कोणती दुखापत, हे चाहत्यांना लगेच आठवते. आठवडाभर चालणारी त्यांची चर्चा हा त्या खेळाचाच एक भाग होऊन बसला आहे.

स्पर्धेची रचना

ही संघटना १९२० मध्ये ओहायो राज्यातील कँटन या गावी स्थापन झाली आणि १९२२ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. आज तिच्यात ३२ संघ आहेत. त्यांची प्रत्येकी १६ संघांच्या दोन ‘कॉन्फरन्स’मध्ये विभागणी केलेली असून प्रत्येक कॉन्फरन्समध्ये चार-चार संघांचे चार गट असतात. २०२१ पासून प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ साखळी सामने खेळतो आणि एक आठवडा विश्रांती घेतो. साखळीतील एकूण सामने २७२ होतात. प्रत्येक कॉन्फरन्समधील सात संघ बाद फेरीत जातात. त्यांपैकी अव्वल संघाला पहिली फेरी खेळावी लागत नाही. अखेरीस दोन्ही कॉन्फरन्सचे विजेते ‘सुपर बाउल’मध्ये भिडतात.

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये संघ हंगामात १६२ सामने खेळतात, बास्केटबॉलमध्ये ८२. तेथे एखादा पराभव दुसऱ्या दिवशी विसरता येतो. फुटबॉलमध्ये हंगामच सतरा सामन्यांचा असल्याने एक पराभवही संघाचे स्थान हलवतो, आणि पुढच्या सामन्यापर्यंत सहसा आठवडाभर थांबावे लागते. या प्रतीक्षेतच चर्चेचे मूळ आहे.

खेळ थोडक्यात

मैदानाची लांबी १०० यार्ड असते. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, अन्यथा चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू शेवटच्या रेषेपार नेल्यास ‘टचडाऊन’चे सहा गुण मिळतात, त्यानंतर एक किंवा दोन जादा गुण मिळवण्याची संधी असते. खांबांमधून चेंडू लाथाडल्यास ‘फील्ड गोल’चे तीन गुण मिळतात. डाव रचणारा व चेंडू फेकणारा खेळाडू म्हणजे ‘क्वार्टरबॅक’. संघाचे यशापयश बव्हंशी त्याच्या माथी मारले जाते.

सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांचा असला, तरी मधल्या थांब्यांमुळे तो सुमारे तीन तास चालतो. चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम अकरा मिनिटे. उरलेला वेळ पुनर्दर्शनाचा, अंदाजांचा आणि वादांचा असतो. चाहत्यांची चर्चा सामन्यानंतर नव्हे, सामन्यातच सुरू होते.

आठवड्याचे वेळापत्रक

बहुतेक सामने रविवारी होतात. काही दुपारी एकला, काही चारच्या सुमारास आणि एक रात्री. एक सामना गुरुवारी रात्री असतो. सोमवारच्या रात्रीच्या सामन्याची दूरचित्रवाणीवरील परंपरा १९७० पासूनची आहे. भारतात रविवार दुपारचे पहिले सामने रात्री साडेदहाला सुरू होतात. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील घड्याळे मागे गेली की साडेअकराला. सोमवार रात्रीचा सामना आपल्याकडे मंगळवारच्या सकाळी येतो.

शुक्रवार रात्र आणि शनिवार सहसा मोकळे ठेवण्यामागे १९६१ चा एक कायदा आहे. त्याने सर्व संघांच्या प्रक्षेपणाचे हक्क एकत्रितपणे विकण्याची मुभा दिली. त्याच वेळी शालेय व महाविद्यालयीन फुटबॉलचे प्रेक्षक ओढले जाऊ नयेत म्हणून सप्टेंबर ते डिसेंबरच्या मुख्य काळात या दोन वेळांना संरक्षण दिले.

चर्चेचा क्रम

सोमवारी शवविच्छेदन होते. प्रशिक्षकाने चौथ्या प्रयत्नात चेंडू लाथाडायला हवा होता की धोका पत्करायला हवा होता, हे प्रत्येक जण ठामपणे सांगतो. अशा पश्चातबुद्धीच्या माणसाला अमेरिकेत ‘सोमवार सकाळचा क्वार्टरबॅक’ म्हणतात. हा शब्दप्रयोग आता राजकारणात आणि व्यापारातही रूढ आहे. मंगळवारी गुणतक्त्याची गणिते मांडली जातात. अमका हरला आणि तमका जिंकला तर आपला संघ कितव्या स्थानी, याचे हिशेब हंगामाच्या उत्तरार्धात रंगतात.

बुधवारपासून लक्ष दुखापतींकडे वळते. रविवारी खेळणाऱ्या संघांना बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारी जखमी खेळाडूंची अधिकृत यादी द्यावी लागते. कोणी पूर्ण सराव केला, कोणी अर्धवट, कोणी केलाच नाही, हे तीत नमूद असते. खेळाडूचा घोटा, गुडघा, खांदा हा अशा रीतीने सार्वजनिक चर्चेचा विषय होतो.

त्याला दोन गोष्टींनी आणखी धार आणली. पहिली म्हणजे ‘फॅन्टसी’ स्पर्धा. १९६० च्या दशकाच्या आरंभी ओकलंड संघाशी संबंधित मंडळींनी सुरू केलेल्या या खेळात चाहता खऱ्या खेळाडूंतून आपला कल्पित संघ निवडतो आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवतो. दुसरी गोष्ट सट्टेबाजी. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या संदर्भातील केंद्रीय बंदी रद्द ठरवली आणि अनेक राज्यांनी क्रीडा-सट्टेबाजी कायदेशीर केली. परिणामी खेळाडूच्या शरीराकडे आकडा म्हणून पाहण्याची सवय वाढत गेली. ही सवय किती खोल गेली होती, हे २०२२ च्या हंगामातील दोन आठवड्यांनी दाखवले.

चौथा आठवडा

मायामीचा क्वार्टरबॅक तुआ टागोवायलोआ २५ सप्टेंबर २०२२ रोजी बफेलोविरुद्ध आपटला आणि उठताना त्याचे पाय लटपटले. तरीही तो पुन्हा मैदानात उतरला. चारच दिवसांनी सिनसिनाटी येथे तो पुन्हा कोसळला. त्याची बोटे विचित्र आखडलेली दिसली आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. त्या आठवड्यात चाहत्यांचा प्रश्न कोण जिंकले हा नव्हता, त्याला खेळू का दिले हा होता. ऑक्टोबरमध्ये लीग आणि खेळाडू संघटना यांनी नियम बदलला. तोल जाणे किंवा बोलणे अडखळणे, अशी लक्षणे दिसलेल्या खेळाडूला त्या सामन्यात परतण्यास मनाई झाली.

सतरावा आठवडा

२ जानेवारी २०२३, सोमवार. सिनसिनाटीच्याच मैदानावर बफेलो बिल्स आणि सिनसिनाटी बेंगल्स समोरासमोर होते. बिल्सची कामगिरी १२ विजय व ३ पराभव, बेंगल्सची ११ व ४. अव्वल स्थान पणाला लागले होते. अनेक ‘फॅन्टसी’ स्पर्धांची अंतिम फेरीही याच आठवड्यात होती.

पहिल्या सत्रात बेंगल्स ७–३ असे पुढे असताना बिल्सचा २४ वर्षांचा बचावपटू डमार हॅमलिन याने चेंडू घेऊन येणाऱ्या टी हिगिन्सला अडवले. हिगिन्सची धडक त्याच्या छातीवर बसली. हॅमलिन उभा राहिला आणि क्षणात मागे कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. वैद्यकीय पथकाने मैदानातच छाती दाबून व विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा सुरू केले. सहकारी त्याच्याभोवती कडे करून उभे होते, अनेक जण रडत होते. रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली आणि सुमारे तासाभराने सामना थांबवल्याचे जाहीर झाले.

त्या रात्री चर्चेचा सूरच पालटला. सामना पुढे ढकलल्यास वेळापत्रकाचे काय, असे विचारणाऱ्या एका नामवंत भाष्यकारावर चाहते तुटून पडले. अनेक ‘फॅन्टसी’ गटांनी विजेतेपद वाटून घेतले. हॅमलिनने आपल्या गावच्या मुलांना खेळणी वाटण्यासाठी २,५०० डॉलरचे उद्दिष्ट ठेवून निधी उभारला होता. त्यात काही दिवसांतच ८० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी संघांचे चाहतेही होते. हिगिन्सवर बोट ठेवू पाहणाऱ्यांना हॅमलिनच्या कुटुंबानेच हिगिन्सच्या पाठीशी उभे राहून उत्तर दिले. तीन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितले, तो शुद्धीवर आला आहे आणि सामना कोणी जिंकला, असे त्याने लिहून विचारले.

गणित पुन्हा सुरू होते

हा सामना पुन्हा खेळवला गेला नाही. त्या हंगामात साखळीचे सामने २७१ झाले. मग हिशेब परतले. कॅन्सस सिटी १४–३, तर बिल्स १३–३. रद्द सामना बिल्सने जिंकला असता, तर बरोबरी होऊन परस्परांतील विजयाच्या बळावर तेच अव्वल ठरले असते. म्हणून हे दोन संघ कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात आले, तर तो अटलांटा येथे तटस्थ मैदानावर खेळवावा, असे ठरले. बेंगल्स व बाल्टिमोर यांच्यातील संभाव्य लढतीचे मैदान नाणेफेकीने ठरवण्याची तरतूद झाली. बेंगल्सचे चाहते त्यावर चिडले. शेवटच्या साखळी सामन्यात त्यांच्या एका खेळाडूने टचडाऊननंतर नाणे उडवण्याचा अभिनय करून आपला निषेध नोंदवला. प्रत्यक्षात दोन्ही तरतुदींची गरज पडली नाही. बेंगल्सने बाल्टिमोरला आणि पुढे बाद फेरीत बिल्सला हरवले.

८ जानेवारीला बफेलोत खेळ सुरू होताच बिल्सच्या नायहीम हाइन्सने पहिलाच चेंडू ९६ यार्ड पळवत टचडाऊन केले. हॅमलिन हा सामना रुग्णालयातून पाहत होता. एप्रिलमध्ये त्याला खेळण्याची वैद्यकीय परवानगी मिळाली आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी तो साखळी सामन्यात परतला.

हृदय का थांबले?

या प्रकाराला वैद्यकशास्त्रात ‘कोमोशिओ कॉर्डिस’ म्हणतात. हृदयाच्या ठोक्यातील एका अतिसूक्ष्म क्षणी छातीवर आघात झाला, तर त्याची लय बिघडते आणि रक्ताभिसरण थांबते. हृदयात आधी दोष असावाच लागतो असे नाही. वाचण्याची शक्यता पहिल्या काही मिनिटांवर अवलंबून असते. छाती तत्काळ दाबणे आणि विजेचा झटका देणारे यंत्र जवळ असणे, हे दोनच खरे उपाय आहेत.

गोव्याच्या वाचकाला हे सर्व वाचताना ५ डिसेंबर २००४ ची आठवण येणे स्वाभाविक आहे. बेंगळूरूतील फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपो क्लबचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर मोहन बागानविरुद्ध आपला दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडकून कोसळला, तो पुन्हा उठला नाही. धेंपोने चषक जिंकला आणि त्याचा दहा क्रमांकाचा सदरा कायमचा निवृत्त केला. मैदानावरील वैद्यकीय व्यवस्थेच्या उणिवांवर तेव्हा देशभर टीका झाली. सिनसिनाटीत प्रशिक्षित माणसे आणि यंत्र हाताशी होते, म्हणून तेथील चाहत्यांना पुढच्या आठवड्याची चर्चा करता आली. आपल्या मैदानावर ते आहे का, हा प्रश्न प्रत्येक स्पर्धेच्या आयोजकाला सामना सुरू होण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.