नितळ पाणी, मळकट रंग : प्लास्टिकच्या गांडुळाची गोष्ट

आजच्या भागात राजा नाही, लढाई नाही, तहही नाही. आज गोष्ट आहे एका गांडुळाची, आणि तेही प्लास्टिकच्या. हसू नका. या गांडुळाच्या रंगात अमेरिकेतल्या एका अख्ख्या सरोवराचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

आधी एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतलं मासेमारीच्या सामानाचं दुकान. भिंतभर पाकिटं टांगलेली. प्रत्येक पाकिटात बोटाएवढी, मऊ, लिबलिबीत आमिषं. आणि रंगांची नावं ऐका : वॉटरमेलन, ग्रीन पम्पकिन, मोटर ऑइल, बबलगम, स्मोक. किराणा दुकान आहे की गॅरेज, कळत नाही! आता एरी सरोवरावर निघालेला एखादा मुरलेला गळवाला आत येतो. गुलाबी, पिवळ्या, चमचमत्या पाकिटांसमोरून सरळ पुढे जातो आणि सगळ्यात मळकट पाकीट उचलतो. शेवाळी-तपकिरी, वर काळे ठिपके.

एवढे रंग असताना हाच का? बघू या.

मासा कोण आहे?

मासा आहे स्मॉलमाउथ बास. उत्तर अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला. अंगाचा रंग जुन्या पितळेसारखा, त्यावर उभे पट्टे, आणि गळाला लागला की पाण्याबाहेर उड्या मारणारा. त्याला खडकाळ तळ आणि थंड, वाहतं किंवा नितळ पाणी आवडतं. आपल्याकडच्या नद्यांत हा सापडत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा : हा डोळ्यांनी शिकार करणारा मासा आहे. गढूळ पाण्यात माशाला आमिषाची नुसती सावली दिसते, हालचालीची थरथर अंगाला जाणवते आणि तो झडप घालतो. नितळ पाण्यात तसं होत नाही. तिथे तो कितीतरी लांबून आमिष बघतो, जवळ येतो, थांबतो, निरखतो आणि पुष्कळदा तोंड फिरवून निघून जातो. बाजारात भाजी निवडणाऱ्या आजीसारखा!

रबराच्या शहरातलं स्वयंपाकघर

आता चला ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच या सगळ्या टायर कंपन्यांचं हे गाव. गुडरिचमध्येच १९२६ साली वाल्डो सीमन या रसायनशास्त्रज्ञाने कडक, ठिसूळ पीव्हीसीला मऊ आणि लवचिक करण्याची युक्ती शोधली. आपल्या घरातल्या रेक्झिनपासून वायरच्या आवरणापर्यंत कितीतरी वस्तू याच युक्तीच्या लेकी.

याच ॲक्रनमध्ये निक क्रीम नावाचा एक यंत्र-कारागीर राहायचा. मासेमारीचा नाद. रबराचे किडे तेव्हाही मिळायचे, पण ते ताठ, निर्जीव. १९४९ च्या सुमारास निक आणि त्याची बायको कॉस्मा यांनी घरीच व्हिनिल, तेलं आणि रंग एकत्र शिजवून खऱ्या गांडुळासारखं मऊ गांडूळ ओतलं. ते पाण्यात खऱ्यासारखं वळवळायचं. पुढे त्यांचा धंदा टेक्सासमधल्या टायलर गावी गेला आणि प्लास्टिकचं गांडूळ देशभर पोचलं.

ही आमिषं बनतात कशी, ते सांगतो, कारण रंगाची सगळी गंमत तिथेच आहे. पीव्हीसीची बारीक भुकटी पातळ द्रवात कालवलेली असते. दिसायला दुधासारखी. ती साधारण १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की दुधाचा पाक होतो, घट्ट आणि पारदर्शक. त्यात रंगाचे थेंब टाकायचे, चमकीचे कण टाकायचे आणि साच्यात ओतायचं. म्हणजे पाकातून प्रकाश किती आरपार जाऊ द्यायचा, हे बनवणाऱ्याच्या हातात. थोडा रंग टाकला तर काचेसारखं, जास्त टाकला तर खडूसारखं. मीठ घातलं की आणखी धूसर.

रंगांची जत्रा

सुरुवातीची बरीच वर्षं या गांडुळांचं राज्य होतं दक्षिणेकडच्या धरणांत. तिथलं पाणी बहुधा मातकट, आणि मासा लार्जमाउथ बास, म्हणजे आपल्या स्मॉलमाउथचा चुलतभाऊ. अलाबामातल्या टॉम मान यांनी तर 'जेली वर्म' काढले : स्ट्रॉबेरी, द्राक्ष, ब्लॅकबेरी अशा फळांचे रंग आणि वर फळांचा वास! मासा स्ट्रॉबेरी कधी खातो, असं विचारू नका. पाकीट विकत घेणारा माणूस खातो, तेवढं पुरे.

पश्चिमेकडे वेगळंच चाललं होतं. नेवाडा, ॲरिझोना, युटा या वाळवंटी राज्यांत लेक मीड, लेक पॉवेल अशी धरणं आहेत. खडकात अडवलेलं पाणी, काचेसारखं. तिथे जांभळं गांडूळ चटकन खोटं दिसतं. या मुलखात बॉबी गारलँड यांनी 'ट्यूब' नावाचं आमिष रुजवलं : पोकळ नळी, खाली बारीक झालरी, आत शिशाचं डोकं असलेला गळ. लेक पॉवेलकाठच्या पेज गावात गॅरी यामामोटो यांनी मऊ आमिषांचा धंदा उभारला. त्यांचे रंग तर नंबरांनी ओळखले जातात. १९४ म्हणजे काळे कण घातलेला कलिंगडी, २९७ म्हणजे काळे कण घातलेला ग्रीन पम्पकिन. आपल्याकडे पेंटर शेड-कार्डावरचा नंबर सांगतो ना, अगदी तसं.

हे रंग नीट बघा. 'स्मोक' म्हणजे कंदिलाच्या काचेवर धरलेल्या काजळीसारखा, आरपार दिसणारा. 'वॉटरमेलन' म्हणजे कलिंगडाच्या सालीचा हिरवा, पण उन्हात धरला तर पलीकडचं दिसेल असा. आणि 'ग्रीन पम्पकिन' म्हणजे दगडावर वाळलेल्या शेवाळाचा रंग. तिन्ही रंग तळाशी मिसळून जाणारे. आतले काळे किंवा चंदेरी कण मात्र हलताना प्रकाश तोडतात, माशाच्या खवल्यांसारखे.

पेटलेली नदी

आता पुन्हा ओहायोत या. ॲक्रनजवळून कायाहोगा नदी वाहते आणि क्लीव्हलँडमध्ये एरी सरोवराला मिळते. एरी केवढं? सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर. पुणे आणि सातारा जिल्हे एकत्र केले तर जवळपास तेवढं.

जून १९६९ मध्ये क्लीव्हलँडजवळ ही नदी पेटली. हो, नदी! कारखान्यांचं तेल आणि कचरा यांचा थर पाण्यावर तरंगत होता. त्याआधीही ती अनेकदा पेटली होती. सरोवराची अवस्था वेगळी नव्हती. साबणातलं आणि सांडपाण्यातलं फॉस्फरस खाऊन शेवाळ माजलं होतं. वर्तमानपत्रं एरीला 'मेलेलं सरोवर' म्हणायची.

मग १९७२ साली दोन गोष्टी झाल्या. अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा आला, आणि निक्सन व पियर ट्रूडो यांनी ग्रेट लेक्सच्या पाण्याच्या दर्जाचा करार केला. फॉस्फरस कमी झालं, पाणी हळूहळू सुधारलं. ही माणसांनी कमावलेली स्वच्छता.

नखाएवढा पाहुणा

पुढची नितळी मात्र कोणी कमावली नाही. ती चोरपावलांनी आली.

जून १९८८. एरीच्या वर असलेल्या सेंट क्लेअर सरोवरात एक अनोळखी शिंपला सापडला. झेब्रा मसल. दिसायला आपल्या कोकणातल्या शिनाण्याची चिमुकली आवृत्ती, वर पट्टे. मूळ गाव काळा समुद्र आणि कास्पियनचा परिसर. मालवाहू जहाजं तोल सांभाळायला पोटात पाणी भरून घेतात, त्या पाण्यातून तो अटलांटिक ओलांडून आला. एक मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी घालू शकते. एक शिंपला दिवसाला साधारण एक लिटर पाणी गाळतो. असे अब्जावधी शिंपले. १९९० पर्यंत ते पाचही ग्रेट लेक्समध्ये पोचले होते. मागोमाग त्यांचा भाऊबंद क्वागा मसल पसरला.

काही वर्षांत पाणी असं नितळलं की जिथे हातभर खाली दिसत नव्हतं तिथे तळाचे दगड दिसू लागले. आज मिशिगन आणि ह्युरॉन ही सरोवरं सुपीरियरपेक्षाही नितळ आहेत.

१९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत आणखी एक पाहुणा सापडला : राउंड गोबी. तळाला चिकटून राहणारा, बोटभर मासा. हाही त्याच मुलखातून, त्याच वाटेने आलेला. तो शिंपले खातो. आणि गोबीला कोण खातो? आपला स्मॉलमाउथ! ताटात रोज आयतं जेवण. एरीतले स्मॉलमाउथ भराभर वाढू लागले. २०२२ साली एरीच्या कॅनडाकडच्या पाण्यात दहा पाउंडांहून जड स्मॉलमाउथ मिळाला.

आता गोबीचा रंग बघा. राखाडी-शेवाळी-तपकिरी, अंगभर काळे डाग. म्हणजे ग्रीन पम्पकिन! वाळवंटातल्या धरणांसाठी गाजलेली ट्यूब त्या रंगात एरीच्या दगडांवरून ओढली की हुबेहूब गोबी. ते मळकट पाकीट इथे सगळ्यांच्या आधी का संपतं, ते कळलं ना?

माशाला काय दिसतं?

बरं, माशाला रंग दिसतात तरी का? इलिनॉयमध्ये फ्रँक ब्राउन यांनी १९३७ साली लार्जमाउथवर प्रयोग छापले. खाऊची लालूच दाखवून माशांना रंग ओळखायला शिकवलं. निष्कर्ष असा की आपण पिवळसर काचेतून बघावं, साधारण तसं त्यांना दिसतं. ऐंशी वर्षांनी इलिनॉयमध्येच पुन्हा अभ्यास झाला. लाल आणि हिरवा मासे छान ओळखतात, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत गोंधळतात, तसेच निळा आणि काळा यांत. हा अभ्यास चुलतभावावरचा आहे, तरी अंदाज देतो. आपण पाकिटावरच्या ज्या बारीक छटांवर भांडतो, त्यातल्या कित्येक माशाच्या खिजगणतीत नसाव्यात.

शिवाय पाणी स्वतःच रंग खातं. नितळ पाण्यात खोल जाल तसा आधी लाल विझतो, मग नारिंगी. हातात लालभडक दिसणारं आमिष खाली करडं होऊन जातं. तिथे छटेपेक्षा उजेड-अंधाराचा फरक आणि पारदर्शकता जास्त मोलाची.

म्हणून जुने गळवाले पाकीट बघायच्या आधी पाणी बघतात. ऊन, नितळ पाणी, दगडी तळ : कलिंगडी किंवा ग्रीन पम्पकिन. मासे छोट्या चंदेरी माशांच्या झुंडीमागे असतील तर स्मोक, चंदेरी कणांसह. क्रेफिश, म्हणजे नांग्यावालं झिंग्याच्या जातीचं जनावर, खात असतील तर तपकिरी, टोकाला जरासा नारिंगी. ढग आले, वाऱ्याने पाणी ढवळलं, तर गडद आणि कमी पारदर्शक. आणि कधीकधी या सगळ्याला झुगारून स्मॉलमाउथ भर उन्हात गुलाबी आमिषावर तुटून पडतो. मासाच तो, त्याने पुस्तक वाचलेलं नाही.

नितळ म्हणजे स्वच्छ?

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. हे नितळ पाणी बघून आपण म्हणतो, वा, किती स्वच्छ! पण शिंपले पाण्यातून गाळतात ते सूक्ष्म शेवाळ, म्हणजे सरोवराचा भात-भाकरीच. त्यांनी सेंट क्लेअरमधले आणि पश्चिम एरीतले स्थानिक शिंपले जवळजवळ संपवले. स्मॉलमाउथ नर घरट्यावर पहारा देत असतो. त्याला कोणी गळाने उचललं की गोबी घुसून अंडी फस्त करतात. ज्याला तो खातो, तोच त्याची पुढची पिढी खातो.

आणखी एक. शिंपले सगळंच गिळत नाहीत. विषारी मायक्रोसिस्टिस ते थुंकून टाकतात, त्यामुळे त्याला रान मोकळं मिळतं. त्यात शेतांतलं खत वाहून येतं. ऑगस्ट २०१४ मध्ये एरीकाठच्या टोलेडो शहरात चार लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. नितळ झालेल्या सरोवराच्या काठावर माणसं बाटलीबंद पाण्यासाठी रांगेत!

हे फक्त तिकडचं नाही. मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांतही झेब्रा मसलच्याच कुळातला काळ्या पट्ट्यांचा शिंपला जहाजांबरोबर येऊन वसला आहे.

तेव्हा ते मळकट पाकीट पुन्हा आठवा. आधी ती नुसती माशाला फसवायची युक्ती होती. आता ते एका घुसखोराचं चित्र आहे, आणि ज्या पाण्यात तो घुसखोर नीट दिसतो ते पाणीही दुसऱ्या घुसखोराने नितळ केलेलं. या पावसाळ्यानंतर एखाद्या धरणावर गेलात आणि तळाचे दगड दिसले, तर फोटो जरूर काढा. पण 'किती स्वच्छ' असं लिहिण्याआधी एकदा विचारा : हे पाणी नितळ कोणी केलं, आणि त्यातून नाहीसं काय झालं?