भारताचे युवक फुटबॉल संघ

भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की बहुधा ज्येष्ठ संघाचाच इतिहास सांगितला जातो. १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील चौथा क्रमांक यांचा अभिमान योग्यच आहे. परंतु एखाद्या देशातील खेळाचे भवितव्य पाहावयाचे असेल, तर त्याच्या युवक संघांची कामगिरी तपासली पाहिजे. त्यासाठी १९७४, २०१७ आणि २०१८ ही तीन वर्षे शेजारी ठेवून पाहू.

एप्रिल १९७४ मध्ये बँकॉक येथे आशियाई युवक स्पर्धा झाली. भारताचे संघनायक होते शब्बीर अली आणि प्रशिक्षक होते १९६२ च्या सुवर्णविजेत्या संघातील अरुण घोष. अंतिम सामन्यात गाठ पडली ती आदल्या वर्षीच्या विजेत्या इराणशी. सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि दोन्ही देश संयुक्त विजेते ठरले. यश मोठे होते. परंतु आशिया जिंकलेल्या या मुलांनी पुढे जावे अशी जागतिक युवक स्पर्धाच तेव्हा नव्हती. ती सुरू झाली १९७७ मध्ये, ट्युनिशियात. शब्बीर अली पुढे ज्येष्ठ संघातही चमकले. पण त्या आशियाई विजेतेपदाचा मान पुढील पन्नास वर्षांत भारताला पुन्हा लाभला नाही.

२०१७ मध्ये परिस्थिती नेमकी उलटी होती. सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात भरली आणि यजमान या नात्याने आपल्या संघाला पात्रतेची परीक्षा न देता प्रवेश मिळाला. सामने नवी मुंबई व मडगावसह सहा शहरांत झाले. भारताचे तिन्ही दिल्लीत. संघनायक अमरजित सिंग मणिपूरचा, तर आघाडीचा अनिकेत जाधव कोल्हापूरचा. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असे तिन्ही सामने आपण हरलो. कोलंबियाविरुद्ध ९ ऑक्टोबर रोजी ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जीक्सन सिंगने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. विश्वचषकातील भारताचा तो पहिला गोल. लगेच पुढच्या मिनिटाला कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली.

एका वर्षाने, २०१८ मध्ये, सोळा वर्षांखालील संघ मलेशियातील आशियाई स्पर्धेत उतरला. प्रशिक्षक होते गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. गटात व्हिएतनामवर १-० असा विजय आणि इराण व इंडोनेशिया यांच्याशी गोलशून्य बरोबरी. तीन सामन्यांत या मुलांनी एकही गोल होऊ दिला नाही. उपांत्यपूर्व सामना जिंकला असता, तर पुढील वर्षीच्या विश्वचषकात स्वबळावर प्रवेश मिळाला असता. दक्षिण कोरियाने तो १-० असा जिंकला.

या तीन घटनांची तुलना केवळ गुणफलकावरून करणे अपुरे होईल. युवक संघाच्या बाबतीत खरा प्रश्न असा, की या सामन्यानंतर त्या मुलांना तोलामोलाचा पुढचा सामना मिळाला का? १९७४ च्या विजेत्यांपुढे जागतिक युवक स्पर्धेची पायरीच नव्हती. २०१७ च्या पराभूतांतील अनेकांना मात्र ‘इंडियन ॲरोज’ या संघातून लगोलग आय-लीगमध्ये, वयाने व ताकदीने मोठ्या खेळाडूंशी झुंजावयास मिळाले. जीक्सन सिंगसह त्यांपैकी काही जण ज्येष्ठ राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचले. तो ॲरोज संघ २०२२ मध्ये बंद झाला.

यजमानपद मिळविता येते; मैदाने ठराविक मुदतीत उभी करता येतात. चौदा वर्षांच्या मुलाला विसाव्या वर्षापर्यंत दर आठवड्यास चुरशीचा सामना मिळवून देणे हे काम त्याहून संथ आणि गाजावाजा न होणारे आहे. मलेशियात एका गोलाने हुकलेली संधी हेच सांगते, की अंतर आता फार उरलेले नाही. पण ते कापण्यास दुसरा मार्गही नाही.