आधीं पद, मागून पदवी



स्त्रियांना उच्च शिक्षण द्यावें कीं देऊं नये, हा वाद आतां कोणी उकरून काढीत नाहीं. मुली महाविद्यालयांत जातात, परीक्षांत वरचे क्रमांक मिळवितात, आणि एवढें झालें म्हणजे प्रश्न सुटला असें आपण समजतों. परंतु विद्यापीठ ही केवळ शिकण्याची जागा नव्हे. तेथें काय शिकवावें, कोणाला नेमावें, पैसा कशावर खर्चावा, हें ठरविणारी एक सत्ता असते. त्या सत्तेपर्यंत स्त्रिया कोणत्या वाटेनें पोहोंचल्या, हें आज आपल्याला पाहावयाचें आहे. त्यासाठीं मी केंब्रिज विद्यापीठाची हकीकत निवडली आहे; कारण तेथें १९३९ सालीं असा एक प्रसंग घडला कीं, त्यांत या प्रश्नाचें सारें मर्म सांपडतें.

त्या वर्षीं मे महिन्यांत केंब्रिजच्या निवड-मंडळानें पुराणवस्तुशास्त्राच्या ‘डिस्ने प्राध्यापक’ या मानाच्या पदावर डोरोथी गॅरड यांची निवड केली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन जुन्या विद्यापीठांच्या शेंकडों वर्षांच्या इतिहासांत प्राध्यापक झालेल्या त्या पहिल्याच स्त्री. परंतु ज्या विद्यापीठानें त्यांना प्राध्यापकाचें आसन दिलें, त्या विद्यापीठाचें सभासदत्व मात्र त्यांना नियमानें मिळूं शकत नव्हतें. विद्यापीठाच्या सभेंत त्यांना मत नव्हतें. त्यांच्या हाताखालून गेलेला एखादा तरुण कालांतरानें एम. ए. होऊन तेथें मत देऊं शके. गुरूला मात्र तो अधिकार नव्हता!

ही विचित्र स्थिति आली कशी? तिच्यासाठीं सत्तर वर्षें मागें गेलें पाहिजे. १८६९ सालीं एमिली डेव्हिस यांनीं स्त्रियांसाठीं एक महाविद्यालय काढलें. तेंच पुढें गर्टन म्हणून प्रसिद्धीस आलें. १८७१ सालीं ॲन क्लफ यांनीं पांच विद्यार्थिनींना घेऊन एका भाड्याच्या घरांत दुसरी संस्था सुरूं केली. तिचें पुढें न्यूनॅम झालें. या विद्यार्थिनींना व्याख्यानांना बसतां येई, तें प्राध्यापकांच्या मर्जीवर. परीक्षेचा रीतसर हक्क १८८१ सालीं मिळाला; परंतु परीक्षा उतरल्यावर मुलांना पदवी आणि मुलींना नुसतें प्रमाणपत्र, अशी वांटणी झाली. १८९० सालीं न्यूनॅमच्या फिलिपा फॉसेट यांनीं गणिताच्या परीक्षेंत पहिल्या आलेल्या पुरुषालाहि मागें टाकलें. त्यांचें नांव ‘पहिल्याच्या वर’ असें वाचलें गेलें. आणि तरीहि पदवी नाहीं ती नाहींच.

बुद्धीविषयींचा संशय त्या दिवशीं फिटावयास हवा होता. पण खरा अडसर बुद्धीचा नव्हताच. केंब्रिजमध्यें एम. ए. झालेला मनुष्य विद्यापीठाच्या सभेचा सभासद होई आणि जन्मभर त्याला मताचा अधिकार राही. म्हणजे तेथें पदवी हा नुसता कागद नव्हता. तो मालकींतला हिस्सा होता. आपल्याकडे घरांत राबावयास सून चालते, तिच्या हाताला चव आहे म्हणून कौतुकहि होतें. परंतु वांटणीचा कागद निघाला कीं तिचें नांव कोणाला आठवत नाहीं. केंब्रिजनें विदुषींना याच न्यायानें वागविलें.

१८९७ सालीं स्त्रियांना पदव्या द्याव्या कीं नाहीं यावर मतदान झालें. मत देण्यासाठीं जुने पदवीधर गांवोगांवहून आले. त्यांच्याकरितां लंडनहून खास आगगाड्या सोडल्या होत्या. सभागृहासमोर विद्यार्थ्यांनीं सायकलवर बसलेल्या स्त्रीचें एक बाहुलें टांगलें होतें. बाजूनें साडेसहाशेंच्या आसपास मतें पडलीं, विरुद्ध सतराशेंच्या वर. ऑक्सफर्डनें १९२० सालीं आपल्या विद्यार्थिनींना पदव्या दिल्या. त्यानंतर १९२१ सालीं केंब्रिजनें पुन्हा विचार केला तो इतकाच, कीं स्त्रियांना पदवीचें नांव लावूं द्यावें, तिच्याबरोबरचा अधिकार देऊं नये. हा निकाल लागला त्या रात्रीं विजयानंदानें बेभान झालेल्या तरुणांनीं न्यूनॅमच्या कांशाच्या दरवाजांची मोडतोड केली. ते दरवाजे ॲन क्लफ यांच्या स्मरणार्थ उभारलेले होते.

पुढें १९२६ सालीं विद्यापीठांतील अध्यापनाच्या जागा स्त्रियांना खुल्या झाल्या. शिकवावें, पेपर तपासावे, संशोधन करावें. परंतु सभेंत बसूं नये, अशी ही अर्धी व्यवस्था होती. तिच्यांतूनच १९३९ चा प्रसंग उद्भवला. काम करावयाची मुभा दिल्यावर उत्तम काम करणारी कोणी तरी निघणारच, आणि उत्तम काम केलेल्या व्यक्तीला डावलणें निवड-मंडळाला केव्हां तरी लाजिरवाणें वाटणारच.

गॅरडबाईंची निवड ही कोणाची कृपा नव्हती. त्यांचा जन्म १८९२ चा. वडील आर्चिबाल्ड गॅरड हे नामांकित वैद्य. पहिल्या महायुद्धानें त्यांचे तीन भाऊ नेले. बाईंनीं न्यूनॅममध्यें इतिहासाचें अध्ययन केलें होतें. पुढें फ्रान्समध्यें आबे ब्रय यांच्याजवळ अश्मयुगाचा अभ्यास केला. १९२८ सालीं पॅलेस्टाइनमधील शुक्बा येथील गुहेंत त्यांनीं ज्या प्राचीन संस्कृतीचा छडा लावला, तिला त्यांनींच दिलेलें ‘नतूफी’ हें नांव आजहि अभ्यासक वापरतात. १९२९ ते १९३४ या काळांत त्यांनीं कार्मेल पर्वतावरील गुहा खणल्या आणि मनुष्याच्या वस्तीचा प्रचंड कालखंड थराथरानें उलगडून दाखविला. या उत्खननांत आसपासच्या खेड्यांतील स्त्रियाहि मोठ्या संख्येनें खपत होत्या. एवढ्या कामापुढें नियमाची सबब टिकली नाहीं, आणि पद मिळालें.

मत मिळावयास मात्र आणखी नऊ वर्षें लागलीं. मध्यें दुसरें महायुद्ध आलें. बाईंनीं विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांचा अर्थ लावण्याचें काम केलें. अखेर १९४७ च्या डिसेंबरांत विद्यापीठानें ठराव केला, आणि १९४८ पासून स्त्रिया केंब्रिजच्या पूर्ण सभासद झाल्या. १९५२ सालीं बाई निवृत्त झाल्या. म्हणजे प्राध्यापकपदाच्या तेरा वर्षांपैकीं नऊ वर्षें त्यांनीं मताविना काढलीं.

आतां आपल्याकडे वळूं. गॅरडबाई प्राध्यापक झाल्या त्याच १९३९ सालीं, त्यांच्याच न्यूनॅम महाविद्यालयाच्या एका मराठी विद्यार्थिनीनें केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केली. त्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी. १९३३ सालीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेनें त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता. संस्थेचे प्रमुख त्या वेळीं सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. कमलाबाईंनीं हट्ट सोडला नाहीं, अटी घालून घेतलेला प्रवेश पत्करला, आणि त्या अटी अनाठायीं होत्या हें कामानें दाखवून दिलें. त्याच विदुषी कालांतरानें मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालक झाल्या.

परंतु आपला इतिहास केंब्रिजच्या उलट क्रमानें घडला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. कलकत्ता विद्यापीठानें चंद्रमुखी बसु आणि कादंबिनी बसु या दोघींना १८८३ सालींच पदव्या दिल्या. केंब्रिजच्या पासष्ट वर्षें आधीं! पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. त्यांचा क्रमांक इतका वरचा होता कीं विलायतेची सरकारी शिष्यवृत्ति त्यांना मिळावयास हवी होती. ती स्त्री म्हणून नाकारण्यांत आली. डेक्कन कॉलेज १९३९ सालीं संशोधनसंस्था म्हणून नव्यानें सुरूं झालें, तेव्हां इरावती कर्वे तेथें समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या. ज्या वास्तूंत एक स्त्री विद्यार्थिनी म्हणून बसली, तेथें दुसरीला अध्यापकाची जागा मिळावयास सुमारें पन्नास वर्षें जावीं लागलीं. केंब्रिजमध्यें आधीं पद आलें आणि पदवी मागून. आपल्याकडे पदवी आधीं आली आणि पद फार मागून.

याहून वरची पायरी कुलगुरुपदाची. १९४९ सालीं बडोद्याचें महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालें आणि हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरु झाल्या. केंब्रिजमध्यें रोझमेरी मरे या पहिल्या स्त्री-कुलगुरु १९७५ सालीं आल्या. येथें आपण पुढें गेलों, याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु शिखरावर एक स्त्री दिसली म्हणजे मधल्या पायऱ्या भरल्या असें होत नाहीं. गॅरडबाईंच्या एकट्या निवडीनें केंब्रिजचा नियम बदलला नाहीं. तो बदलावा म्हणून ज्यांनीं वर्षानुवर्षें शिकविलें, लिहिलें आणि मागणी केली, त्यांतल्या बहुतेकींना प्राध्यापकपद कधीं लाभलेंच नाहीं.

म्हणून कोणत्याहि विद्यापीठांत स्त्रियांची प्रगति मोजावयाची असेल, तर पदवीदान-समारंभांतील मुलींच्या संख्येवर थांबूं नये. नेमणुका करणाऱ्या मंडळांत किती स्त्रिया आहेत, अभ्यासक्रम ठरविणाऱ्या सभेंत त्यांचें मत मोजलें जातें कीं नाहीं, आणि एखादीचें काम उत्तम ठरल्यावर तिला पुढची जागा किती वर्षांनीं मिळाली, हें विचारावें. श्रोत्यांपैकीं कोणी अशा मंडळांवर बसत असतील. पुढल्या बैठकींत समोर आलेल्या अर्जांतलें एखादें नांव ‘इतक्यांत नको’ म्हणून बाजूला सारण्यापूर्वीं, मताविना गेलेलीं तीं नऊ वर्षें त्यांनीं एकदां आठवावींत, एवढीच विनंति आहे.