लालीकची फुलदाणी: काचेची की क्रिस्टलची?

फांद्यांवर जोडीजोडीने बसलेले पोपट आणि त्यांच्या अवतीभवती फुले. हे सगळे काचेवरच उठून आलेले. फ्रेंच कलावंत रने लालीक यांची 1919 सालची ही फुलदाणी ‘पेरुश’ नावाने ओळखली जाते. फ्रेंच भाषेत पेरुश म्हणजे लहान पोपट. अशा जुन्या फुलदाण्यांना सर्रास ‘क्रिस्टल’ म्हटले जाते. प्रत्यक्षात त्या काचेच्या आहेत.

लालीक कोण होते?

1860 मध्ये फ्रान्समधील शँपेन प्रांतात जन्मलेले लालीक आधी दागिने घडवत. चतुर, फुले, पाने हे त्यांचे आवडते विषय. पुढे कोटी यांच्या अत्तरांसाठी कुप्या करताना ते काचेकडे वळले. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आल्सास प्रांतातील विंजेन-सुर-मोदेर या गावी कारखाना उभारला. तो आजही चालू आहे.

फुलदाणी कशी बनते?

नक्षी आधी धातूच्या साच्यात कोरतात. वितळलेली काच त्यात फुंकतात किंवा दाबून बसवतात. मग ती हळूहळू थंड करतात, नाहीतर तडे जातात. हाताचे बरेचसे काम यानंतर सुरू होते. साच्याच्या जोडाच्या रेषा घासून काढायच्या, काही भाग आम्लाने किंवा वाळूच्या माऱ्याने धुरकट करायचा, काही भागाला चकाकी द्यायची. त्यामुळे एकाच साच्यातल्या दोन फुलदाण्यांतही थोडा फरक दिसू शकतो.

काच आणि क्रिस्टलमध्ये फरक काय?

फरक शिशाचा. युरोपच्या 1969 च्या नियमानुसार किमान 24 टक्के लेड ऑक्साइड असेल तरच ‘लेड क्रिस्टल’ म्हणता येते. शिशामुळे काच जड होते, जास्त चमकते आणि तिच्यावर नक्षी कापणे सोपे जाते. रने यांच्या काचेत शिसे याहून कमी असे. 1945 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मुलगा मार्क यांनी कारखान्यात क्रिस्टल आणले.

खरेदी करताना काय पाहावे?

रने यांच्या हयातीतील वस्तूंवर सहसा ‘आर. लालीक’ अशी सही असते. 1945 नंतर त्यातला ‘आर.’ गेला. त्यामुळे ‘1920 ची लालीक क्रिस्टल फुलदाणी’ अशी जाहिरात दिसली, तर साल किंवा क्रिस्टल यांपैकी एक गोष्ट चुकीची असण्याची शक्यता मोठी.

फक्त सहीवरही विसंबू नये. नंतरच्या फुलदाणीवर ‘आर.’ कोरून ती जुनी म्हणून विकण्याचे प्रकार होतात. आकार, उंची आणि नक्षी जुन्या कॅटलॉगशी जुळते का, हे जाणकाराकडून तपासून मगच पैसे द्यावेत.